खोडलेली उत्तरे: वर्गातील भीती आणि मुलांचे शिकणे

धागाकर्ती (प्राथमिक शिक्षिका)

मी १८ वर्षे प्राथमिक वर्गांना गणित शिकवते आहे. त्यातील बराच काळ माझी अशी समजूत होती की वर्ग शांत असला, वह्या नेटक्या असल्या आणि "कळलं का?" या प्रश्नाला सर्वांचे एका सुरात "हो" आले, म्हणजे शिकवलेले पोहोचले. ही समजूत एका वहीमुळे मोडली. त्याबद्दल सविस्तर लिहावे आणि इतरांचे अनुभवही वाचायला मिळावेत, म्हणून हा धागा काढते आहे.

चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची वही इतरांना नमुना म्हणून दाखवावी इतकी स्वच्छ असे आणि तीत लाल खूण क्वचितच करावी लागे. अपूर्णांकांची तुलना चालू असताना एकदा वर्गात फिरता फिरता मी तिच्या बाकामागे थांबले. ती पेन्सिलीने इतके पुसट लिहीत होती की शेजारच्या मुलीलाही ते वाचता आले नसते. फळ्यावर उत्तर आले आणि तिचे बरोबर निघाले, की ती त्याच अंकांवरून पुन्हा पेन्सिल फिरवून ते ठळक करी; चुकलेले निघाले, तर डाव्या तळहाताचा आडोसा करून ते खोडी आणि फळ्यावरचे उत्तर लिही. मी ते पान उजेडासमोर धरून पाहिले. कागद ठिकठिकाणी विरला होता, एका जागी तर आरपार भोक पडले होते. मधल्या सुट्टीत मी तिला एकटीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बाई, चूक वहीत राहिली की सगळ्यांना दिसते."

त्यातला "सगळ्यांना" हा शब्द मला लागला, कारण चुकलेली वही वर्गासमोर उंच धरून "पाहा, असं करायचं नाही" असे सांगण्याची सवय माझीच होती. माझा हेतू वाईट नव्हता. एकाच्या चुकीवरून चाळीस जण शिकतील, असे मला वाटे. चाळीस जण शिकलेही, पण आपली चूक बाईंच्या नजरेस पडू द्यायची नाही, हे शिकले. त्या मुलीला छेद मोठा असला म्हणजे अपूर्णांक मोठा असे वाटत होते आणि ते कित्येक महिने मला कळले नाही, कारण ज्या जागी मला ते दिसले असते, ती जागा तिने रोज खोडून काढली होती.

भावनिक सुरक्षितता या शब्दाचा अर्थ मी तेव्हापासून असा लावते: "मला आले नाही", "मला कळले नाही", "मला भीती वाटते" असे म्हटल्याबद्दल आपला अपमान होणार नाही, अशी मुलाची अनुभवातून आलेली खात्री. ही खात्री भिंतीवर सुविचार लिहून येत नाही, कारण मूल आपल्या बोलण्यापेक्षा शेजारच्या मुलाचे काय झाले ते अधिक बारकाईने पाहत असते. सतत कौतुक करणे किंवा सोपा अभ्यास देणे याचा तिच्याशी काही संबंध नाही. माझ्या दृष्टीने ती शिकण्याची पूर्वअट आहे, कारण न समजलेले उघडे झाल्याशिवाय ते शिकवता येत नाही.

याची दुसरी बाजू मुलाच्या मेंदूत घडते. आलेली माहिती काही क्षण मनात धरून तिच्यावर काम करण्याची जी क्षमता आपल्याला असते, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या प्रारूपामुळे या क्षमतेचा अभ्यास पुढे खूप वाढला. ती फार तोकडी असते. लहानशा पाटीवर दोन गोष्टी लिहिल्या की तिसरीला जागा उरत नाही, तसेच तिचे आहे. "मला उभे करतील का, मागचा हसेल का" हे विचार याच पाटीवर लिहिले जातात, आणि मग हातचा कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग मला म्हणूनच जवळचे वाटतात. त्यांनी विद्यार्थ्यांना काही अक्षरे लक्षात ठेवून बेरजा करायला सांगितल्या. ज्यांना गणिताची भीती जास्त होती, त्यांच्या चुका विशेषतः हातच्याच्या बेरजांमध्ये आणि स्मृतीवरचा भार वाढल्यावर फार वाढल्या. मोठ्या मुलांचे असे होत असेल, तर आठ वर्षांच्या मुलाला फळ्यापाशी उभे करून "लवकर सांग" म्हटल्यावर काय होत असेल?

धोक्याची जाणीव झाली की मेंदूतील अमिग्डाला हा भाग शरीराला सावध करतो, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात आणि विचार, नियोजन व संयम सांभाळणाऱ्या कपाळामागील भागाचे काम मंदावते. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे, भागाकारासाठी मात्र नाही. आपण ज्याला "लक्ष नाही", "बधिर झालाय", "मुद्दाम बोलत नाही" असे म्हणतो, त्यातले बरेच काही याच अवस्थेचे बाहेरून दिसणारे रूप असते, असे मला आता वाटते.

तुमच्या वर्गात, घरात किंवा स्वतःच्या लहानपणी तुम्ही काय पाहिले, ते जरूर लिहावे. विरोधी मत असले तरी लिहावे.

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापक

विरोधी मत मागितलेत म्हणून स्पष्ट लिहितो. आमची पिढी धाकात शिकली. पाढे चुकले की तळहात पुढे करावा लागे, पण ते पाढे आज सत्तरीतही तोंडपाठ आहेत. मुलांना चुकीची लाज वाटूच नये, असे वातावरण केले तर ती बेफिकीर होतील, अशी मला मनापासून काळजी वाटते. शाळेबाहेरचे जग त्यांच्या भावना जपत बसणार नाही. मी स्वतः कडक शिक्षक होतो. माझे कितीतरी विद्यार्थी आजही भेटायला येतात आणि "सर, तुमच्यामुळे घडलो" असे म्हणतात. ते काही खोटे बोलत नसावेत.

धागाकर्ती

सर, ते खोटे बोलत नाहीत, याबद्दल मला शंका नाही. तुम्ही पाढ्यांचे उदाहरण दिले, ते महत्त्वाचे आहे, म्हणून त्याच्यापाशीच थोडी थांबते.

रॉबर्ट यर्कीस आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. उंदरांना दोन वाटांपैकी उजळ वाट ओळखून निवडायची होती आणि चुकीच्या वाटेवर विजेचा धक्का बसत असे. दोन्हींतील फरक ठळक होता, तेव्हा धक्का जितका तीव्र, तितके शिकणे लवकर झाले. फरक बारीक केला, तेव्हा मात्र मध्यम धक्क्याने शिकणे लवकर झाले आणि तीव्र धक्क्याने ते लांबले. उंदरांवरून मुलांचे सारे काही ठरवणे बरोबर नाही, हे मान्य आहे, पण पुढे माणसांतील ताणाविषयी जे समजत गेले, ते बरेचसे याच दिशेचे आहे. पाढा म्हणणे हे ठळक फरकाचे काम आहे, त्यात निवड करायची नसते. शाब्दिक उदाहरण वाचून येथे गुणायचे की भागायचे हे ठरवणे, हे बारीक फरकाचे काम. तुमचे पाढे धाकाने पक्के झाले असतील, परंतु ज्या मुलांना "आता गुणाकार का केलास?" असे विचारल्यावर घशाला कोरड पडे, त्यांच्या मनात काय चालले होते, हे धाकामुळेच कधी बाहेर आले नसेल. शिवाय भेटायला येतात ते घडलेले विद्यार्थी. जे मध्येच शाळा सोडून गेले, ते सहसा भेटायला येत नाहीत.

लाजेबद्दल तुम्ही लिहिले, त्यात मला एक फरक करावासा वाटतो. "माझे उत्तर चुकले" याची रुखरुख मुलाला पुन्हा प्रयत्न करायला लावते, पण "मीच चुकीचा आहे" असे वाटू लागले, की ते प्रयत्नच सोडते. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डीनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी अभिप्रायामुळे कामगिरी सुधारण्याऐवजी घसरल्याचे आढळले. लक्ष कामावरून सरकून स्वतःवर गेले, की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे विवेचन आहे. "तिसऱ्या पायरीत हातचा राहिला" आणि "तुझं लक्षच नसतं" ही दोन वाक्ये चाळीस वह्या तपासताना सारख्याच सहजतेने हातून लिहिली जातात, हे मी स्वानुभवावरून सांगते.

आणि कडकपणा सोडावा, असे मी म्हणतच नाही. २०१४ मध्ये डेव्हिड यीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेतील सातवीच्या मुलांचे निबंध शिक्षकांनी नेहमीप्रमाणे कठोरपणे तपासून परत दिले. काहींच्या निबंधावर एक चिठ्ठी होती: माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून या सूचना लिहिल्या आहेत. इतरांना साधी चिठ्ठी मिळाली. पहिली चिठ्ठी मिळालेल्या मुलांनी निबंध पुन्हा लिहिण्याची शक्यता वाढली, आणि हा फरक विशेषतः शाळेवर विश्वास न उरलेल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये दिसला. लाल शाई दोन्हींकडे सारखीच होती. तुमच्या विद्यार्थ्यांना तुमच्या कडकपणाबरोबर तुमचा विश्वासही जाणवला असावा, असे मला वाटते.

प्रतिसाद: एक पालक

माझ्या मुलाच्या पोटात सकाळी शाळेच्या वेळी दुखत असे. डॉक्टरांना काही सापडले नाही. आम्ही त्याला ढोंगी म्हटले, हे आज लिहितानाही वाईट वाटते. शेवटी त्याच्या आईने दिनदर्शिकेवर दुखण्याच्या दिवसांना गोल करायला सुरुवात केली. पाचव्या आठवड्यात दिसले की बहुतेक गोल मंगळवारी होते. मंगळवारी तोंडी गणित असे, त्यात उत्तर येईपर्यंत उभे राहावे लागे. पोटदुखी खरीच होती. पोट आणि मेंदू यांचा संबंध किती जवळचा असतो, हे आम्हाला नंतर समजले.

घरात आम्ही एकच गोष्ट बदलली. दारातच "किती मिळाले?" असे विचारत असू, ते बंद केले. उत्तरपत्रिका आली की गुणांची बाजू खाली करून ठेवायची आणि एखादा न जमलेला प्रश्न दोघांनी मिळून पाहायचा, असे ठरवले. सुरुवातीला तो सारखा कागद उलटून पाही. मंगळवारच्या तोंडी परीक्षेचे मात्र काय करावे, हे मला अजून समजलेले नाही. ती असूच नये का?

प्रतिसाद: भाषेचे शिक्षक

वरच्या पालकांनी गुण खाली करून ठेवण्याबद्दल लिहिले, त्यावरून आठवले. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ लेखी शेरे आणि काहींना दोन्ही. केवळ शेरे मिळालेल्या मुलांची गोडी आणि काम दोन्ही सुधारले. गुणांबरोबर दिलेल्या शेऱ्यांचा तसा उपयोग झाला नाही. गुण दिसले की मुले शेरा वाचतच नाहीत, हे आपणही रोज पाहतो.

तोंडी प्रश्नांबद्दल माझा अनुभव लिहितो. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतः बोलू लागतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असे त्यांना आढळले. ही विश्रांती तीन सेकंदांवर नेली, तेव्हा उत्तरे लांबली, "माहीत नाही" कमी झाले आणि एरवी गप्प असणारी मुले बोलू लागली. मी हे करून पाहिले, तेव्हा पहिल्या आठवड्यात फसलो. मी आधी मुलाचे नाव घेत असे, मग प्रश्न विचारून तीन सेकंद थांबत असे. ते तीन सेकंद त्या मुलासाठी छळ ठरले, कारण सगळा वर्ग त्याच्याकडे वळून पाहत बसे. आता आधी प्रश्न, मग शांतता, मग शेजाऱ्याशी हलक्या आवाजात अर्धा मिनिट बोलणे आणि त्यानंतर नाव, असा क्रम ठेवतो. नाव येईपर्यंत प्रत्येकाकडे बोलण्यासारखे काहीतरी असते, आणि शेजाऱ्याचे उत्तर सांगितले तरी मला चालते.

प्रतिसाद: माध्यमिक शिक्षिका

चर्चा शिक्षक आणि मूल यांच्यापुरती राहते आहे, म्हणून लिहिते. सातवी-आठवीच्या मुलांना शिक्षकांपेक्षा वर्गाच्या हसण्याची भीती जास्त असते. चुकीच्या उत्तरावर मागच्या बाकावरून हसू आले, की सर्व मुले क्षणभर शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहतात. त्या क्षणी शिक्षक जराही हसला, तरी हसायला परवानगी आहे, असा अर्थ होतो. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात विकसित झालेला "किवा" हा दादागिरीविरोधी कार्यक्रम नेमका या बघ्यांवर भर देतो. छळणारा आणि छळला जाणारा यांच्याबरोबरच भोवती उभे राहून पाहणारी मुले काय करतात, यावर छळ टिकतो की थांबतो हे अवलंबून असते, हा त्यामागचा विचार आहे. मी वर्गात "हसणाऱ्याला शिक्षा" असा नियम करून पाहिला. त्याने हसू थांबले आणि कुजबूज सुरू झाली. उपयोग झाला तो चुकलेल्या उत्तराचा पुढचा प्रश्न गंभीरपणे विचारल्याने: "असं उत्तर येण्यासाठी त्याने कसा विचार केला असेल?" मग हसणाराही उत्तर शोधू लागतो.

आणखी एक गोष्ट. काही मुलांची भीती शाळेत सुरू झालेली नसते, ती घरून आलेली असते. दार जोरात आपटले की दचकणारे मूल आपण सर्वांनी पाहिले असेल. अशा मुलाला प्रेमाच्या मोठ्या शब्दांपेक्षा दिवसाचा अंदाज हवा असतो. मी फळ्याच्या कोपऱ्यात दिवसभरात काय काय होणार ते लिहिते आणि बदल असेल तर आधी सांगते. याहून मोठे काही दिसले, तर समुपदेशकांकडे जाणे हेच योग्य. आपण उपचार करायला जाऊ नये.

प्रतिसाद: विज्ञान शिक्षक

सगळे पटते. पण ज्या शाळेत वर्गातला एखादा धडा राहिला म्हणून शिक्षकालाच सर्वांसमोर बोलणी बसतात, तेथे तो शिक्षक मुलांना सुरक्षित कसे वाटू देणार? मी पूर्वी जिथे काम केले, त्या शाळेत दर महिन्याच्या बैठकीत निकालांचे तक्ते पडद्यावर लावत आणि खालच्या तीन वर्गांच्या शिक्षकांना उभे करत. त्या वर्षी मीही पुसट पेन्सिलीने लिहायला शिकलो. "प्रकाशाचे परावर्तन पूर्ण" असे नोंदवहीत लिहिले, तेव्हा निम्म्या वर्गाला ते कळले नसल्याचे मला ठाऊक होते.

एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील चमूंचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चमूंमध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदल्या गेल्याचे त्यांना दिसले. त्या चमूंतील लोक चुकांबद्दल अधिक मोकळेपणाने बोलत होते, हे त्याचे संभाव्य कारण त्यांनी मांडले. मला वाटते, चांगल्या वर्गात आणि चांगल्या शिक्षकखोलीतही चुका जास्तच दिसाव्यात.

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापक

अशा बैठका मीही घेतल्या आहेत. तक्ते लावले आहेत. यावर मला विचार करावा लागेल. एक विचारतो: या सगळ्याने अभ्यासात खरोखर फरक पडतो, याचा मोठ्या प्रमाणावरचा पुरावा आहे का?

धागाकर्ती

सर, आहे. जोसेफ डुर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला, त्यात २,७०,००० हून अधिक विद्यार्थी होते. भावना ओळखणे, सांभाळणे आणि एकमेकांशी नीट वागणे हे पद्धतशीर शिकवलेल्या मुलांची शैक्षणिक कामगिरी इतरांच्या तुलनेत सरासरी ११ शततमकांनी, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत सुमारे ११ स्थानांनी, वर गेलेली आढळली. अर्थात कार्यक्रम नीट राबवला गेला की नाही, यावरही परिणाम अवलंबून होता. नुसते वेळापत्रकात एक तासिका लिहून असे काही होत नाही.

तोंडी परीक्षेबद्दल पालकांनी विचारले होते. मी ती बंद केलेली नाही, कारण बोलून दाखवता येणे हे कौशल्यच आहे. उभे राहणे काढले. मुले माझ्या टेबलापाशी दोघे-दोघे येतात, त्यांना एकदा "पुढचा प्रश्न द्या" असे म्हणण्याची मुभा असते, आणि सोडलेल्या प्रश्नाकडे आम्ही शेवटी परत येतो. त्याला वेळ जास्त लागतो, दोन तासिकांऐवजी तीन. तो वेळ मी वह्या उंच धरून दाखवण्यातून वाचवला, असे समजा.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे लिहायचे राहिले. मी वर्गात खोडरबर वर्ज्य केला नाही, कारण तीही एक सक्तीच झाली असती. चुकलेल्या उत्तरावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवे उत्तर लिहिणाऱ्याला मी त्या जुन्या उत्तराबद्दल प्रश्न विचारू लागले आणि माझ्या स्वतःच्या चुका फळ्यावर तशाच ठेवू लागले. तिला बरेच आठवडे लागले. एके दिवशी तिने वही माझ्या टेबलावर ठेवली. एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा, असे ठळक पेन्सिलीने लिहिलेले होते, त्यावर रेघ होती आणि खाली लिहिले होते, "चार मोठे म्हणून." तिच्या परवानगीने, नाव न सांगता, मी ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि आणखी कोणाला असे वाटते का, हे डोळे मिटून हात वर करून सांगायला सांगितले. चाळीसपैकी सतरा हात वर आले. त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवून आम्ही कागदाच्या पट्ट्या कापायला घेतल्या.